ट्रिस्टन दिसलं एकदाचं!

आज दुपारी ड्युटी संपवून डेकवर आलो तर समोर ट्रिस्टन दा कुन्हा, दक्षिण अटलांटिक महासागरातलं एकाकी बेट, डोकं ढगात आणि पायथ्याला ती एवढीशी वस्ती, माणसं अडीचशेच्या आत, विमानतळ नाही, केपटाउन बोटीने आठवडाभर लांब! १९६१ला गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला तेव्हा सगळ्यांना इंग्लंडला नेलं होतं, तिथे नोकऱ्या, टीव्ही सगळं मिळत होतं तरी १९६३ला बहुतेक जण परत आले, बटाटे लावायला आणि लॉबस्टर पकडायला!! आमच्या कुकला हा वेडेपणा वाटतो, मला अजिबात नाही (कोकणातला ना मी 😄). अल्बाट्रॉस मात्र सकाळपासून बोटीमागे आहेत, पंख हलवायचं नावच नाही. फोटो हललेत जरा, तरी टाकतोय, नेट टिकलं तर.