जुन्या स्ट्रॅटेजी गेमचे हक्क विकत घेताना : माझा अनुभव

मी एका छोट्या गेम पब्लिशरकडे हक्क आणि करारांचं काम बघते. नव्वदच्या दशकातली एक नावाजलेली स्ट्रॅटेजी मालिका आमच्या संस्थेने अलीकडेच विकत घेतली आणि पहिल्या चौकशीपासून शेवटच्या नोंदणीपर्यंतची सगळी धावपळ माझ्या वाट्याला आली. मालिकेचं नाव आणि रक्कम करारातल्या गोपनीयतेच्या कलमामुळे सांगता येणार नाही. बाकीचं मात्र सांगायलाच हवं. अशा खरेदीत पैशांची घासाघीस हा सगळ्यात छोटा भाग असतो. कस लागतो तो विकणाऱ्याच्या हातात नेमकं काय आहे हे शोधून काढताना.

आमच्या मालिकेची वाटचाल या प्रकारातल्या अनेक गेमसारखीच होती. मोजक्या लोकांच्या स्टुडिओने गेम बनवला. पब्लिशरने पैसे घातले आणि हक्क स्वतःकडे ठेवले. पुढे त्या पब्लिशरला एका मोठ्या कंपनीने गिळलं, ती कंपनी बुडाली, लिलाव झाला आणि मालिका अशा एका कंपनीकडे गेली जी स्वतः गेम बनवत नाही, फक्त हक्क बाळगून असते.

संचालकांना सुरुवातीला वाटत होतं की हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यांच्यासमोर मी जुने व्यवहार ठेवले. सिव्हिलायझेशन ही स्ट्रॅटेजी मालिका १९९१ मध्ये मायक्रोप्रोज या कंपनीने आणली. १९९८ मध्ये मायक्रोप्रोज हॅस्ब्रोकडे गेली, २००१ मध्ये हॅस्ब्रोचा गेम विभाग इन्फोग्रामकडे आणि २००४ च्या अखेरीस मालिकेचे हक्क २.२३ कोटी डॉलरना टेक-टूकडे. सिड मायरचा फिरॅक्सिस हा स्टुडिओ टेक-टूने त्यानंतरच्या वर्षी वेगळा विकत घेतला. म्हणजे ज्याच्या नावाने मालिका ओळखली जाते तो माणूस एका कंपनीत आणि मालिकेची मालकी दुसऱ्याकडे, असं कित्येक वर्षं चाललं. ही झाली मोठी रक्कम. दिवाळखोरीतून निघालेल्या मालिकांचे आकडे फार वेगळे आहेत. थ्रीडीओ बुडाल्यावर २००३ मध्ये युबिसॉफ्टने माइट अँड मॅजिकचे हक्क १३ लाख डॉलरना घेतले, आणि हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक त्याच नावाखाली येते. टीएचक्यूच्या दिवाळखोरीत २०१३ मध्ये होमवर्ल्ड गिअरबॉक्सकडे १३.५ लाख डॉलरना गेली. ती बनवणारा रेलिक स्टुडिओ मात्र त्याच दिवाळखोरीत सेगाने घेतला. आकडे लहान का, हे मला पुढे स्वतःच्या कामात कळत गेलं. लिलावात जे मिळतं ते बऱ्याचदा फक्त कागद असतात, आणि त्या कागदांतून चालणारा गेम उभा करण्याचा खर्च घेणाऱ्याच्या माथी येतो.

सुरुवात ट्रेडमार्कच्या नोंदींपासून केली. अमेरिका, युरोपियन संघ, ब्रिटन यांच्या नोंदवह्या ऑनलाइन आहेत आणि त्यात शोधायला पैसे लागत नाहीत. गेमचं नाव वर्ग ९ मध्ये सॉफ्टवेअर म्हणून आणि वर्ग ४१ मध्ये मनोरंजन सेवा म्हणून नोंदलेलं असतं, म्हणून दोन्हीकडे बघावं लागतं. आमच्या मालिकेची नोंदणी एका ठिकाणी जिवंत होती, दुसरीकडे नूतनीकरणाअभावी कधीच संपली होती. नोंदणी जिवंत असली तरी तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेत सलग ३ वर्षं वापर नसेल तर मालकाने ते नाव सोडून दिलं असं गृहीत धरता येतं. युरोपियन संघात सलग ५ वर्षं वापर नसेल तर कुणीही नोंदणी रद्द करायला अर्ज करू शकतो. आमचं नशीब असं की विकणाऱ्याने जुनी आवृत्ती एका डिजिटल स्टोअरवर विक्रीला ठेवलेली होती. त्या विक्रीचे तिमाही हिशेब हाच नाव वापरात असल्याचा आमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण गेम खेळणाऱ्या चांगल्या जाणकार लोकांचाही याबाबत गैरसमज असतो. दुकानात मिळत नाही, मालक पत्राला उत्तर देत नाही, म्हणून गेम सार्वजनिक होत नाही. कंपनीने नोकरदारांकडून करून घेतलेल्या कामाचा प्रताधिकार (कॉपीराइट) अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षं टिकतो. नव्वदच्या दशकातला प्रत्येक गेम कुणाच्या तरी मालकीचा आहे. तो कुणाचा, हे त्या मालकालाही माहीत नसेल, एवढंच.

विकणाऱ्यांशी पहिलं बोलणं, गोपनीयतेचा करार, इरादापत्र, ठरावीक मुदतीत दुसऱ्या कुणाशी बोलणी करणार नाही याची लेखी कबुली, हे सगळं सुरळीत पार पडलं. मग त्यांनी कागदपत्रं उघडून दिली.

जमीन घेताना मागचे सगळे फेरफार जसे एकेक करून तपासतात, तसंच हे काम. मूळ स्टुडिओपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा सही केलेला दस्त हवा, सही करणाऱ्याला तो अधिकार होता याचा ठराव हवा, आणि काय दिलं त्याची यादी हवी. ही यादी परिशिष्टात असते. कराराची पानंच्या पानं वाचून वकील दमतात आणि परिशिष्टावर नजर टाकून पुढे जातात. माझं मत अगदी उलट आहे. आधी परिशिष्ट वाचावं.

लिलावाच्या दस्ताला जोडलेल्या परिशिष्टात आमच्या मालिकेच्या जेमतेम तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत मूळ गेम, दुसरीत त्याचा दुसरा भाग, आणि तिसरीत एक असं नाव जे मी कधी ऐकलं नव्हतं. आणि ज्या एक्स्पान्शन पॅकमुळे, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या वाढीव भागामुळे, ही मालिका आजही खेळली जाते, त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. विकणाऱ्यांचं म्हणणं, तिसरी ओळ म्हणजेच तो पॅक, बनत असतानाचं त्याचं नाव ते होतं. असेल, पण 'असेल' या शब्दावर पैसे देता येत नाहीत. आमच्या एका प्रोग्रॅमरने बाजारात आलेल्या पॅकची मूळ फाइल उघडून तिच्या आतली माहिती पाहिली, तर आवृत्तीच्या रकान्यात तेच अनोळखी नाव सापडलं. जुन्या कामाच्या टप्प्यांच्या एका पत्रकातही दोन्ही नावं शेजारीशेजारी मिळाली. ते दोन्ही पुरावे आम्ही आमच्या करारात जोडले आणि पॅकचं खरं नाव स्पष्ट लिहून घेतलं.

पण त्यातून पुढचा प्रश्न निघाला. पॅक मूळ स्टुडिओने बनवलाच नव्हता, बाहेरच्या एका छोट्या चमूकडून करून घेतला होता. त्यांच्या करारात लिहिलं होतं की शेवटचा हप्ता मिळाल्यावर हक्क पब्लिशरकडे जातील. हप्ता मिळाला होता का? पब्लिशर बुडालेला, हिशेबाच्या वह्या गायब. असा कच्चा दुवा तसाच ठेवून खरेदी केली असती तर रिमास्टर (जुन्या गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती) आल्यावर, म्हणजे त्यात पैसा दिसू लागल्यावर, तो दुवा तुटला असता. म्हणून आम्ही त्या चमूच्या संस्थापकांना शोधून काढलं. ते आता गेमच्या क्षेत्रात नाहीत. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, हप्ता मिळाला होता असं सांगितलं आणि पुष्टी करणाऱ्या हस्तांतर दस्तावर सही करायला तयार झाले. मानधन माफक मागितलं. अट एकच घातली: पुढच्या कुठल्याही आवृत्तीत त्यांच्या सगळ्या सहकाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत हवीत. ती अट मी करारात घातली, आणि तीसुद्धा अशा शब्दांत की पुढे आम्ही मालिका विकली तरी ती नव्या मालकाला बांधील राहील. अशी माणसं या मालिकांच्या मुळाशी असतात आणि बहुतेक दस्तांत त्यांचं नावही नसतं.

संगीताची गोष्ट निराळी. संगीतकार नोकरीत नव्हते. त्यांचा करार गेमच्या डिस्कपुरता होता. वेगळा अल्बम, स्ट्रीमिंग, नवी आवृत्ती यांपैकी कशाचाच त्यात उल्लेख नव्हता. त्यांच्याशी थेट नवा करार केला. व्हिडिओ चालवणाऱ्या आणि आवाज मिसळणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, इतर कंपन्यांच्या असतात, त्यांचं लायसन्स गेमबरोबर आपोआप येत नाही, फॉन्टचंही तेच. त्या काळातल्या बऱ्याच गेमचं ऑनलाइन खेळणं गेमस्पायवर चालायचं आणि ती सेवा २०१४ मध्ये बंद झाली, तेव्हा मल्टिप्लेअर नव्याने बांधावा लागणार हे गृहीतच धरलं.

नावातही अडचण येऊ शकते. होमवर्ल्डचा कॅटॅक्लिझम हा भाग २००० मध्ये त्याच नावाने आला होता, पण २०१७ मध्ये पुन्हा विक्रीला आला तेव्हा ट्रेडमार्कमुळे त्याचं नाव इमर्जन्स ठेवावं लागलं. म्हणून मालिकेचं मुख्य नाव तपासून आम्ही थांबलो नाही. प्रत्येक उपशीर्षकाचा शोध घेतला.

आता सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरांनी लिहिलेला गेमचा मूळ कोड. हक्क विकत घेतले म्हणजे कोड मिळाला असं होत नाही. हीरोज ऑफ माइट अँड मॅजिकच्या तिसऱ्या भागाची, म्हणजे हीरोज थ्रीची, २०१५ ची एचडी आवृत्ती दोन्ही एक्स्पान्शनशिवाय आली, कारण त्यांचा कोड युबिसॉफ्टच्या हाती नव्हता. जगभरातल्या चाहत्यांचा जीव ज्या भागांवर होता, तेच भाग गेले. मला हे फार लागलं होतं, म्हणून आमच्या करारात कोडसाठी मी वेगळं परिशिष्ट मागितलं. कोणत्या भागाचा कोड, कोणती साधनं, मूळ चित्रं कोणत्या स्वरूपात, सगळं तपशीलवार. किमतीचा एक हिस्सा एस्क्रोमध्ये, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत तिऱ्हाइताकडे, ठेवला: कोडपासून चालणारा गेम प्रत्यक्ष तयार होऊन सुरू झाला तरच तो हिस्सा विकणाऱ्यांना मिळेल. त्यांनी आधी बरीच खळखळ केली. त्यांच्या मते, जे आहे ते जसंच्या तसं घ्या. शेवटी ते राजी झाले, कारण कोड आपल्याकडे आहे की नाही हे त्यांनाही बघायचं होतं.

एका खोक्यात लिहिता येणाऱ्या सीडी निघाल्या, वर मार्करने तारखा घातलेल्या. काहींचा मागचा थर सुटायला लागला होता. प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत आधी काढली, प्रतींचे चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारे आकडे) जुळवले, मगच फाइल उघडल्या. कोड व्हिज्युअल सी प्लस प्लस ६ साठी लिहिलेला, म्हणून त्या काळातली विंडोज व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकावर, बसवली. नकाशे संकुचित करणाऱ्या साधनाचा कोड नव्हता, फक्त चालणारी फाइल होती; ती चालली. गेम उभा राहिला, शत्रूची चाल ठरवणाऱ्या स्क्रिप्ट धावल्या. मात्र हा कोड शेवटच्या पॅचच्या, म्हणजे गेम बाजारात आल्यावर दिलेल्या दुरुस्तीच्या, आधीचा निघाला. त्या पॅचने युनिटांचा समतोल पार बदलला होता आणि लोक ज्या गेमला ओळखतात तो पॅचनंतरचा आहे. बाजारातली फाइल आणि आमचा कोड यांची तुलना करून ते बदल परत भरायचं काम अजून चालू आहे, आणि त्यासाठी एस्क्रोतून काही रक्कम कमी करून मिळाली.

अंतिम दस्तात दोन कलमांवर मी अडून बसले. पहिलं, ट्रेडमार्क त्याच्या नावलौकिकासह हस्तांतरित होत आहे हे शब्द हवेतच. नावलौकिक मागे ठेवून नुसतं नाव दिलं तर अमेरिकेत ते हस्तांतर टिकत नाही. दुसरं, पूर्वी झालेल्या उल्लंघनांबद्दल दावा करण्याचा अधिकारही आमच्याकडे यावा. सह्या झाल्यावर लगेच नोंदणीला धावलो. अमेरिकेत ट्रेडमार्कच्या हस्तांतराची नोंद ३ महिन्यांत आणि तिथेच केलेल्या प्रताधिकाराच्या दस्ताची १ महिन्यात केली, तर त्याच विक्रेत्याने तीच गोष्ट दुसऱ्याला विकली तरी आपला दस्त वरचढ राहतो. सह्या झाल्या की सगळे सैलावतात. नेमकं तेव्हाच हे राहून जातं.

राहिला प्रश्न चाहत्यांचा. माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा होता. मालक कागदावर बदलत राहिले त्या सगळ्या काळात गेम नव्या विंडोजवर चालता ठेवला तो चाहत्यांच्या पॅचने. कायद्याच्या भाषेत असे मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल, मूळ कामावर आधारलेले, म्हणजे आमच्या परवानगीशिवायचे. आमच्या बाहेरच्या सल्लागारांनी सगळ्यांना नोटिसा पाठवण्याचा मसुदाही तयार केला होता. मी त्याला विरोध केला आणि ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या कंपनीचं उदाहरण दिलं: २०२० मध्ये कमांड अँड कॉन्करचं रिमास्टर आणताना त्यांनी टायबेरियन डॉन आणि रेड अलर्ट या त्यातल्या गेमच्या कोडचे भाग जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुले केले, तेही खास मॉड बनवणाऱ्यांसाठी.

आम्ही अजून तिथवर गेलेलो नाही. विनामूल्य मॉडना सरसकट लेखी परवानगी दिली आहे, आणि ती मागे घ्यायची झाली तरी आधीच्या मॉडना धक्का लागणार नाही असं त्यात लिहिलं आहे. पॅच बनवणाऱ्यांशी मात्र वेगळा, पैसे देऊन करार केला, कारण त्यांच्या दुरुस्त्या आम्ही रिमास्टरमध्ये वापरणार आहोत. मल्टिप्लेअर सर्व्हर चाहत्यांनी स्वतः चालवावेत का, यावर संचालकांशी माझी बोलणी चालू आहेत. परवानगी द्यावी, असं माझं ठाम मत आहे.