आमची वाटचाल: ६० रुपयांचं पुस्तक १२० ला का

परवा परत तोच फोन, आमच्या पहिल्या पुस्तकाबद्दल. "अहो, माझ्याकडच्या प्रतीवर किंमत साठ रुपये छापलीय आणि तुम्ही ई-बुकचे एकशेवीस लावता? कागद नाही, छपाई नाही, मग कसले पैसे?" प्रकाशनाला तीस वर्षं उलटून गेली, वाटचाल लिही म्हणून घरचे कधीपासून मागे लागलेत, म्हटलं आता या फोनला एकदाच सविस्तर उत्तर देऊ, त्यातच वाटचाल पण होऊन जाईल.

सुरुवात १९९३ ला, सदाशिव पेठेत जिन्याखालची खोली, एक ४८६ कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि दोन पार्टनर. मी आणि तो. नाव लिहीत नाही, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आधी नुसतं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावून द्यायचं काम घ्यायचो, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. पानं लावायला पेजमेकर, मराठी अक्षरांना श्रीलिपी, रात्री ट्रेसिंगच्या अर्धपारदर्शक कागदावर प्रिंट काढायचा, सकाळी पेस्टिंग करून छापखान्यात. तो प्रिंटर मी अजून ठेवलाय, चालत नाही, पण टाकवत नाही. ट्रेसिंग जरा तिरकं गेलं की आत अडकायचं आणि भाजल्याचा वास यायचा, तो वास आला की दोघं एकदमच उठायचो.

१९९४ ला पहिलं स्वतःचं पुस्तक काढलं. एक शाळामास्तर होते, आम्ही सरच म्हणायचो, सह्याद्रीतल्या घाटवाटांवर त्यांनी वीस वर्षं पायी फिरून लिहिलेलं. २०८ पानं, डेमी आकार, ११ नकाशे, ११०० प्रती, किंमत ६० रुपये. ती आवृत्ती संपायला चार वर्षं लागली आणि तरी आम्ही पेढे वाटले. मग पुस्तकं वाढली, गाळा घेतला, दांडेकर पुलाजवळ गोडाऊन भाड्याने घेतलं, ग्रंथालयांची मार्चएंडची खरेदी, प्रदर्शनं, सगळं नेहमीसारखं. सरांच्या पुस्तकाची शेवटची आवृत्ती २००८ ला, किंमत १४०. ती पण जुन्या पॉझिटिव्हवरूनच, म्हणजे पानांच्या फिल्मवरूनच छापली, परत कंपोज कोण करणार.

२०१२ ला पार्टनर वेगळा झाला. भांडण पैशावरून नव्हतं, निदान मला तरी तसं वाटलं नव्हतं. हिशोब झाला, चहा झाला, आणि आठवड्याने लक्षात आलं की हार्ड डिस्कवरच्या सगळ्या फायलींची कॉपी करून तो घेऊन गेलाय. चारेक वर्षांनी त्याची जाहिरात आली, '१०० मराठी पुस्तकं, फक्त ९९ रुपये'. एका पुस्तकाला रुपया पण नाही! त्यात आमची १४ होती. मी वकिलाकडे गेलो तर वकील मलाच म्हणाले, करार दाखवा. करार काढले तर नव्वदच्या दशकातले, एक पानी, मुदतच लिहिलेली नाही, आणि मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायदा हक्क पाचच वर्षांचे धरतो. म्हणजे कागदावर हक्क ना त्याचे ना माझे, लेखकांचे. (नवीन प्रकाशकांनो, मुदत, भाषा, माध्यम, प्रदेश, चारही गोष्टी लिहून घ्या, लेखक मित्र असला तरी, मित्र असला तर जास्तच.) मग मी एकेका लेखकाकडे, वारसाकडे जाऊन नवे करार केले, ई-बुकसकट. सर तोवर गेले होते. त्यांच्या मुलीने कोथरूडला बसवून उपमा खायला घातला आणि सही केली. त्यानंतर पार्टनरने आमची १४ गपचूप काढून टाकली, पण लोकांच्या डोक्यात जो भाव बसायचा तो बसला.

तेव्हाही मी ई-बुक काढायच्या भानगडीत पडलो नव्हतो. गोडाऊनमध्ये माल आहे, बघू पुढे, असं चाललेलं.

मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. पुणेकरांना सांगायला नको. आंबिल ओढा कात्रजपासून खाली फुगत आला, सहकारनगर, दांडेकर पूल, सगळीकडे पाणी. त्या रात्री लोकांची माणसं वाहून गेली, त्यामुळे पुस्तकांसाठी रडायची लाज वाटते, पण लिहितोय तर लिहितोच. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तर शटर उघडेना. कुलूप निघालं पण शटर हलेना, कारण आतले गठ्ठे पाणी पिऊन फुगले होते आणि शटरला आतून रेटत होते. शेवटी बाजूचा पत्रा कापला. आत मांडीपर्यंत गाळ, खालच्या तीन फळ्या खलास, वरच्या फळ्या खालच्यांवर कोसळलेल्या. आर्टपेपरची कव्हरं एकमेकांना अशी चिकटलेली की पन्नास प्रतींची एक वीट झालेली. पॉझिटिव्हची पाकिटं तिथंच होती, ती पण चिकटली. रद्दीवाला आला, एक गठ्ठा उचलून बघितला आणि म्हणाला, साहेब ओला माल घेत नाही, वाळवून ठेवा मग येतो. वाळवायला जागा कुठे होती? इन्शुरन्स होता, पण पॉलिसीवर पत्ता फक्त गाळ्याचा. (आत्ता उठा आणि तुमच्या पॉलिसीवर गोडाऊनचा पत्ता आहे का बघा. मी थांबतो.)

१९९४ च्या फायली एका सीडीवर घरी होत्या. ती सीडी हातात घेतली तर चंदेरी पापुद्रा बोटाला आला. म्हणजे सरांचं पुस्तक आता माझ्याकडे ना कागदावर ना कॉम्प्युटरमध्ये.

मुलुंडच्या काकूंना हे फोनवर कळलं. काकू आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी, निवृत्त शिक्षिका, दरवर्षी मनीऑर्डरने आणि पुढे मुलाकडून जीपेने पैसे पाठवून यादी कळवणाऱ्या. म्हणाल्या, "माझी प्रत पाठवते, पण परत पाहिजे हं." कुरिअरने आली. खाकी कव्हर घातलेली, आत पहिल्या आवृत्तीतले मुद्रणदोष पेन्सिलीने एकूण एक दुरुस्त केलेले, समासात बारीक अक्षरात. पान ७१ वर मी आणि पार्टनरने रात्री दोनला तपासलेलं एक वाक्य होतं, त्यात काकूंनी दोन चुका काढल्या होत्या.

त्या प्रतीवरून स्कॅन, ओसीआर (म्हणजे मशीन चित्रातली अक्षरं वाचून टाइप करतं), मग सफाई. आता मला विचारा कसले पैसे ते. मशीनला ऱ्हस्व-दीर्घ जमतं, जोडाक्षरं बऱ्यापैकी जमतात, पण 'ऱ्या' बघितला की ते बिचकतं. 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या त्याचा झाला 'सह्याद्रीच्या दर्या'. घाटवाटांच्या पुस्तकात दर पानावर दऱ्या, खोऱ्या, पायऱ्या, म्हणजे दर पानावर समुद्र! जुन्या श्रीलिपीच्या फायलीवरून कन्व्हर्टरने केलं तरी वेलांट्या आणि रफार भलतीकडे जाऊन बसतात, त्यामुळे फाईल असती तरी सुटका नव्हती. २०८ पानं, सफाई पानाला १५ रुपये, दोन प्रूफं पानाला प्रत्येकी १२ ने, ११ नकाशे परत काढायला ३३००, ई-पब, म्हणजे ई-बुकची फाईल बांधायला २५००. बेरीज १४ हजाराला जरा कमी.

आता १२० चा हिशोब. कागदी पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-बुकवर २०१७ ला १८ टक्के होता, २०१८ च्या जुलैत ५ झाला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकालाच. १२० मधून तो काढला की ११४ राहतात. विकणारा निम्मे घेतो, ५७. त्यातले पाव लेखकाच्या वारसांना, १४. माझ्याकडे ४३. चौदा हजार निघायला सव्वातीनशे प्रती विकाव्या लागतात. २० रुपये किंमत ठेवली तर माझ्या हातात ७, म्हणजे दोन हजार प्रती. ज्या पुस्तकाच्या ११०० कागदी प्रती चार वर्षं पुरल्या त्याच्या दोन हजार ई-प्रती कोण घेणार आहे सांगा. आणि हेच पुस्तक आज ५०० प्रतींत छापलं तर किंमत ३२० च्या खाली येत नाही. मग १२० महाग की स्वस्त?

लोक म्हणतात, साने गुरुजींची पुस्तकं वीस-तीस रुपयांत मिळतात की. मिळणारच. गुरुजी १९५० ला गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून ती मोकळी झाली, कुणीही छापा. तिथे वारसांचा वाटा नाही, एकाने नीट टाइप केलं की बाकीचे उचलतात. तसल्या पुस्तकाला मी पण ३० च लावतो. पण सरांचं पुस्तक आणि ते एका तागडीत घालू नका.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ई-बुक तयार झालं आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांच्या पुस्तकाची फुकट पीडीएफ आली. जुन्या प्रतीचे फोटो काढलेली, पान ३७ वर कुणाचा तरी अंगठा, नखासकट, आणि शेवटच्या पानावर वाचनालयाचा शिक्का. खाली सगळ्यांचे नमस्काराचे हात. मी काही लिहिलं नाही, ग्रुप सोडला. बायको म्हणाली, पाण्याच्या टँकरचे मेसेज आता कुठे बघणार? परत जॉइन झालो.

काकूंना ई-बुक मी फुकट पाठवलं तर त्यांनी रागावून पैसे पाठवले. मोतीबिंदूनंतर त्यांना छापील बारीक टाइप दिसेना, टॅबवर अक्षर मोठं करून वाचतात. मी म्हटलं, काकू, तुमच्याकडे पुस्तक आहे, पैसे एकदा दिलेत. तर म्हणाल्या, "मग निम्मे घे, पुस्तकाचे दिलेत, आता अक्षराचे देते." त्यावरून आमची स्कीम निघाली: कागदी पुस्तक बाजारात असेल तर ई-बुक त्याच्या ६० टक्क्याला, कागदी संपलं असेल तर १२० च्या आसपास, मग जुन्या प्रतीवर काहीही किंमत छापलेली असो, आणि जुन्या प्रतीचा फोटो पाठवला तर निम्मे.

पहिल्या महिन्यात सात जणांनी एकाच चहाच्या डागाच्या प्रतीचा फोटो पाठवला. आता शेजारी स्वतःच्या नावाची चिठ्ठी ठेवून फोटो मागतो.

गेल्या दिवाळीत एक फोटो आला, चिठ्ठीवर आडनाव ओळखीचं. पार्टनरचा मुलगा. पुस्तक उघडं ठेवलेलं, पहिल्या पानावर माझी सही आणि '१९९४, पहिली प्रत' असं माझ्याच अक्षरात. फायली सगळ्या त्याच्या बापाकडे आहेत, पण पेजमेकरची ती फाईल आता कुठलाही कॉम्प्युटर उघडत नसणार. दहा मिनिटं फोन हातात घेऊन बसलो. मग निम्म्याचं, ६० रुपयांचं बिल पाठवलं, जीएसटीसकट. पैसे लगेच आले, खाली एक अंगठा.