एकास बहात्तर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला आणि मला आपल्या विज्ञान प्रदर्शनातले मिग-२१ या लढाऊ विमानाचे मॉडेल आठवले. तेव्हा मी नववीत होतो. माझे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी येताना प्लास्टिकच्या विमानाचा एक खोका आणला. आमचे गाव बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीला लागून, त्यामुळे विमानांचे वेड लहानपणापासूनचेच. पण करड्या प्लास्टिकचे ते बारीक बारीक सुटे भाग बघून सुरुवात कुठून करायची हे कळेना. म्हणून खोका उचलला आणि हस्तव्यवसायाच्या सरांकडे नेला.

सरांनी डिंकाची नळी आधी आपल्या खणात ठेवून दिली. "गडबड नको. आधी मापं काढूया की," म्हणाले. खोक्यावर १/७२ असे छापले होते, म्हणजे मॉडेलचे प्रत्येक माप खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर. त्याला ७२ ने भागले की जेमतेम १० सेंटिमीटर. फळ्यावर हे मांडून झाल्यावर त्यांनी विचारले, रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबाने तो किती होईल? आम्ही गुणाकार केला. ७.२ मिलिमीटर! "एवढा जाड रंग कुठल्या विमानाला असतोय रे?" गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणे वर्षभर सोडवत होतो, पण प्रमाण खऱ्या अर्थाने कळले ते त्या प्रश्नाने.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही काहीच चिकटवले नाही. भाग ब्लेडने चौकटीतून सोडवायचे, कडा घासायच्या, रबरबँडने बांधून उजेडासमोर धरायचे आणि फट कुठून दिसते ते बघायचे. सर म्हणायचे, हा डिंक प्लास्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो, एकदा लागला की परत सोडवता येत नाही. धडाचे दोन अर्धे जोडल्यावर राहिलेली सांध्याची रेघ पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायची, बोट फिरवून बघायचे, पुन्हा घासायची. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण तेवढे फेविकॉलने लावले, कारण त्या डिंकाचा थेंब लागला असता तर ते कायमचे धुरकट झाले असते.

मिगचे तिकोनी पंख आणि शेपूट दोन्ही मागच्या अंगाला, म्हणून पोकळ मॉडेल चाकांवर ठेवले की मागे कलते. त्यावर उपाय वर्गातल्याच एकाने काढला. मार्कंडेय नदीवर मासे धरताना गळाला बांधायची शिशाची गोळी त्याने आणून दिली. हवा आत घेणाऱ्या तोंडातल्या शंकूच्या मागे ती बसवली आणि विमान तिन्ही चाकांवर नीट उभे राहिले.

खोक्यातली चिन्हे सोव्हिएत तांबड्या ताऱ्याची होती. आपल्या हवाई दलाचे वर्तुळ चित्रकलेच्या सरांनी पातळ कागदावर स्वतः काढून दिले. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. ब्रशला केस किती, तर मोजून दोन-तीन ठेवलेले. श्वास रोखून वर्तुळ पुरे करणारा त्यांचा तो हात मला अजून दिसतो.

प्रदर्शनात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले गावोगावचे आजोबा आले होते. त्यांना मिगविषयी सांगावे लागले नाही. तेच आम्हाला सांगू लागले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटे सोडली आणि दोन दिवसांत पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. हे विमान आपल्याकडे १९६३ मध्ये आले आणि पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनू लागले, ही माहिती आम्ही तक्त्यावर लिहिली होती. पण ढाक्याची हकिकत ऐकायला आमच्या टेबलाभोवती जी गर्दी झाली, ती त्या तक्त्यामुळे नव्हे.

आज मी हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत विमानांच्या सुट्या भागांची तपासणी करतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भाग पास की नापास हे ठरते. नवीन पोरे मशीनवर येतात तेव्हा मी त्यांना सरांचेच गणित घालतो आणि भाग हातात घेऊन आधी डोळ्यांनी बघायला लावतो. सर आज नाहीत. त्यांनी मला दिलेली नजर हीच माझी रोजीरोटी आहे, हे त्यांना सांगायचे राहून गेले, म्हणून इथे लिहितो.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. तो समारंभ पाहताना डोळे भरून आले. त्याच रात्री मुख्याध्यापकांना फोन केला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी प्रयोगशाळेत दोन तास बसायला तयार आहे. विमानांचे खोके, पॉलिश पेपर, ब्रश आणि रंग माझ्याकडून. आठवी-नववीच्या मुलामुलींनी नावे कार्यालयात द्यावीत. मराठी माध्यम, कन्नड माध्यम, कुणीही चालेल. डिंकाची नळी मात्र पहिले काही शनिवार माझ्याकडे राहील.