आमची वाटचाल : 400 मोबाईल आणि एक अंतरपाट

नारायण पेठेत आमचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान 2006 साली उघडलं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक सोनी पीडी-170 आणि मिनी डीव्ही टेपांचा डबा. टेप 60 मिनिटांची. ऐन सप्तपदीत ती बदलायची वेळ येऊ नये, एवढंच तेव्हाचं शास्त्र. मावसभाऊ भागीदार होता. तो कॅमेऱ्यावर, मी एडिटिंगला.

लाइव्हचं, म्हणजे कार्य इंटरनेटवरून थेट दाखवायचं, खूळ माझं. 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डोंगलच्या जिवावर जे रखडत चालायचं, ते जरा पळायला लागलं. पलीकडच्या गल्लीतले एक सद्गृहस्थ आज बोर्डावर ‘पेठेतलं पहिलं लाइव्ह’ असं लिहितात. लिहू देत. त्या काळात ते माझ्याकडून केबली उसन्या न्यायचे. त्यातली 20 मीटरची बीएनसी अजून परत आलेली नाही.

2018चा मे. कर्वे रस्त्याकडचं एक कार्यालय, मुहूर्त 12 वाजून 40 मिनिटांचा. मुलीची आजी न्यू जर्सीला थोरल्या लेकीकडे गेलेली, पाय मोडून तिथेच अडकलेली. तिकडे तेव्हा पहाटेचे 3 वाजून 10 मिनिटं. म्हातारी नऊवारी नेसून, नथ घालून, मुठीत अक्षता धरून टीव्हीसमोर बसली होती. हे मला नंतर सांगण्यात आलं, आणि ज्या सुरात सांगितलं तो सूर अजून कानात आहे.

सकाळी 10ला मी मोबाईल नेटची लाइन तपासली होती. अपलोड, म्हणजे इथून बाहेर पाठवायचा वेग, 18 एमबीपीएस! खुशीत दोन बशा उपमा खाल्ला. पण 10ला कार्यालयात होते कोण? गुरुजी, आचारी आणि आम्ही. साडेबाराला 400 माणसं आली आणि 400 मोबाईल, सगळे त्याच टॉवरवर. अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि लॅपटॉपवर ड्रॉप झालेल्या, म्हणजे वाटेत गळालेल्या फ्रेम्सचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा धावायला लागला. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा, उतरवायला हात जातोय तोवर चित्र थिजलं. ‘शुभमंगल सावधान’ आजींना ऐकूच आलं नाही. त्यांना दिसलं गोल गोल फिरणारं चक्र, सात मिनिटं. चित्र परत आलं तेव्हा लोक पंगतीकडे निघाले होते.

कॅमेऱ्यातल्या कार्डावर रेकॉर्डिंग पूर्ण होतं. त्याचं कुणाला काय!

राहिलेले 11 हजार मिळाले नाहीत. त्या सीझनची 6 कामं गेली. सद्गृहस्थांनी त्या चक्राचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, खाली हसरे चेहरे. कार्यालयाच्या मॅनेजरने लगेच त्यांची कार्डं काउंटरवर ठेवली. अशी कार्डं फुकट ठेवली जात नाहीत, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीत मावसभाऊ म्हणाला, “दादा, मला हप्ते आहेत,” आणि त्याने नोकरी धरली. मी एक कॅमेरा विकला. शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ लिहायचं तेवढं बाकी होतं.

तेव्हा काका आले. बँकेतून निवृत्त, सदाशिव पेठेत दर महिन्याला 70-80 श्रोत्यांची मैफल भरवणारे. “लग्नाचं कळलं,” म्हणाले. “माझं काम कराल? आदल्या दिवशी, मैफलीच्याच वेळेला येऊन तपासायचं. आणि मी हो म्हटल्याशिवाय सुरू करायचं नाही.”

आदल्या संध्याकाळी मी अनलिस्टेड लिंक चालू केली, म्हणजे ज्याच्याकडे लिंक त्यालाच दिसेल अशी. काका स्वतःचा मोबाईल आणि जुनाट इअरफोन घेऊन शेजारच्या खोलीत बसले. स्टेजवर नुसता इलेक्ट्रॉनिक तानपुरा. दहा मिनिटांनी दारात उभे.

“तानपुरा काळी दोनमध्येच आहे ना?”

“हो.”

“मग खाली हा दुसरा कोण गातोय?”

मिक्सर स्टेजच्या प्लगवर होता, लॅपटॉपचा चार्जर मागच्या भिंतीवरच्या. अर्थिंगचा फेरा, म्हणजे दोन प्लगांच्या अर्थिंगमधून आवाजात शिरणारी घूं. चार्जर उपटला, घूं थांबली. त्या दिवसापासून दोन्हींना एकच एक्स्टेंशन, आणि मध्ये ही घूं अडवणारा आयसोलेशनचा छोटा डबा. तो डबा मी कुणालाही उसना देत नाही.

नवीन पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा बघून नाचू नका, अपलोड बघा, आणि निम्माच वापरा. 4.5 एमबीपीएस पाठवायचे तर 9-10 हाताशी हवेत. वायफाय पाहुण्यांसाठी असतं, आपल्याला वायर. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. 15 मीटरच्या पुढे एचडीएमआय ओढू नका. विंडोजचं अपडेट बंद. टाळी वाजवून ओठ आणि आवाज जुळतात का बघा, तेही हॉलबाहेरच्या मोबाईलवर, दुसऱ्या नेटवर. आणि यजमानांचं यूट्यूब चॅनल नवं असेल तर लाइव्हची परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत लागतात. मुहूर्ताच्या सकाळी बटण दाबून काही होत नाही. हे सांगितलं की पोरं ‘हो सर’ म्हणतात आणि चहाला जातात.

2020मध्ये लग्नं 50 माणसांत लागायला लागली, बाकीची वऱ्हाडं आमच्या लिंकवर. तेव्हापासून बरं चाललंय.

काका आता मुलीकडे बंगळूरला असतात. मैफल चालू आहे. चाचणीची लिंक आदल्या दिवशी त्यांना जाते. परवा उत्तर आलं, ‘डग्गा फार लांब वाटतोय.’ मी माईक चार बोटं पुढे घेतला.