आमची वाटचाल : दोन लिफ्ट, चार काटे आणि एक मस्टँग

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि पोट भरलं ते डेट्रॉइटजवळच्या, गाडी उचलायच्या दोन लिफ्ट असलेल्या गॅरेजात. सुरुवातीची वर्षं ब्रेक आणि ऑइल बदलण्यात गेली, त्यात सांगण्याजोगं काही नाही. सांगायचंय ते २००९चं.

त्या वर्षी आधी क्रायस्लर, मग जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. आमची निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच. मागच्या लिफ्टवर ऑटोक्रॉस शर्यतीसाठी बांधायला आलेली १९६९ची शेव्हरोले कॅमारो (दणकट इंजिनाची जुनी अमेरिकन 'मसल कार') उघडी पडली होती. मी म्हणत होतो, छोटा ब्लॉकच (लहान V8 इंजिन) राहू दे. भागीदार सांगलीचा (नाव घेत नाही, त्याच्या घरचेही वाचतात). तो म्हणाला, "मसल कार म्हटल्यावर ३९६च पाहिजे, राव." ३९६ घनइंचांचं ते मोठं इंजिन बसवलं. गाडीच्या नाकावर शंभर पौंडांहून जास्त ओझं चढलं आणि तिकडे मालकाची नोकरी गेली. गाडी सात महिने लिफ्ट अडवून बसली, बिल वहीतच राहिलं. हिनं पाटल्या गहाण ठेवल्या तेव्हा भाडं भागलं. त्याच महिन्यात भागीदारानं तीन मैलांवर वेगळं दुकान थाटलं. जाताना चाकांखाली ठेवायचे चारही वजनकाटे घेऊन गेला. माझ्या पैशाचे. पावती आहे.

तेव्हा एकच माणूस टिकला, एक निवृत्त डायमेकर (साचे बनवणारा). त्याला जुनी मसल कार हवी होती आणि निवड त्यानं माझ्यावर सोडली. मी फोर्डची फॉक्स-बॉडी (फॉक्स नावाच्या सांगाड्यावरची) मस्टँग म्हटलं, १९८७ नंतरची, पाच लिटरची. २२५ घोडे (हॉर्सपॉवर). भागीदार गावभर हसला. पण ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू (कोन) मांडून मिनिटभराची धाव, बहुतेक दुसऱ्याच गिअरमध्ये. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. तिथे ४०० घोडे कुठे पळवणार? फॉक्सला रॅक-अँड-पिनियन (नेमकं वळणारं) स्टिअरिंग कारखान्यातूनच येतं, शिवाय पार्टस् मुबलक.

तीन गाड्या पाहिल्या. पहिलीचा लाल रंग आरशासारखा. रुमालात गुंडाळून लोहचुंबक सिलवर (दाराखालच्या पत्र्यावर) फिरवलं, एका जागी ते धरेचना. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली. दुसरीच्या मागच्या टॉर्क बॉक्सला (मागच्या सस्पेन्शनचे दांडे जिथे बॉडीला जोडतात तिथे) स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ! तिसरी भुरकट, छपराचा रंग उडालेला, पण तळ कोरडा. तीच घेतली.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो: इंजिनाला शेवटी हात लावा. आधी सबफ्रेम कनेक्टर (पुढची-मागची चौकट जोडणारे लोखंडी दांडे) वेल्ड करा, मग शॉक, सीट आणि २०० ट्रेडवेअरचे (मऊ, चिकट रबराचे) टायर. बॅटरी डिकीत न्या, या गाडीचं नाक मुळातच जड. आणि वजन करताना ड्रायव्हर आत बसवूनच करा.

डायमेकर अजून येतो. दर वसंतात हेल्मेट मांडीवर घेऊन गाडीत बसतो, मी स्प्रिंगचे पर्च (बैठका) फिरवत चार काट्यांवरचे आकडे जुळवतो. नवे काटे २०११ मध्ये हप्त्यांवर घेतले. जुन्यांची डिस्प्लेला जोडायची वायर घाईत इथेच राहिली होती, ती माझ्या खणात आहे. भागीदारानं एकदाही मागितली नाही.