पद आलं की माइक गप्प

फोंड्याजवळच्या एका देवळाच्या जत्रेत संगीत नाटक, ध्वनिव्यवस्था माझी. दुपारी स्कॅन करून वायरलेस माइक 710 ते 740 मेगाहर्ट्झमध्ये बसवले. दोन माइक मिळून तिसऱ्याच्या डोक्यावर बसू नयेत म्हणून मधली अंतरं मुद्दाम असमान ठेवली. (हे गणित न करताच जत्रा मारून नेणारे आमच्यात भरपूर.) पट्टा स्वच्छ होता.

रात्री नांदी निभावली. मग नायकाने पद उचललं आणि दुसऱ्या ओळीला माइक खर्र करून गप्प. गद्य सुरू झालं की ठणठणीत, पुढच्या पदाला पुन्हा तेच. समितीतले एक महाजन कानाशी आले, "बॅटऱ्या स्वस्तातल्या घातल्यास काय रे?" बॅटऱ्या नव्या होत्या. रिसिव्हरवर सिग्नलचे दिवे भरून होते आणि आवाज मात्र बंद. म्हणजे माइक दुबळा नव्हता, त्याच्या जागेवर दुसरंच कुणी ओरडत होतं.

मान वर केली तर सगळीकडे मोबाइल उंचावलेले. नायक गावचाच, पद आलं की भाचे-पुतणे दुबईतल्या माणसांना लाइव्ह दाखवणार. मोबाइलच्या 700 च्या पट्ट्यात 703 ते 748 हा भाग फोनकडून टॉवरकडे जाणारा. टॉवर लांब असला की फोन जोर लावतो, 200 मिलिवॅटपर्यंत. माझा बॉडीपॅक (नटाच्या कमरेला लावलेला माइकचा ट्रान्समीटर) 30 चा, तोही पार रंगमंचावर, आणि फोन रिसिव्हरपासून हातभर. दुपारी हे दिसणार कुठून? तेव्हा मंडपात कुत्रंही नव्हतं.

मध्यंतरात रिसिव्हर विंगेत नेला, प्रॉम्प्टरचा मोबाइल काढून घेतला, पदांसाठी वायरचा माइक खांबाआड उभा केला. नाटक पहाटे पार पडलं.

सरकार हे पट्टे मोबाइल कंपन्यांना लिलावात विकतं. 2016 आणि 2021 च्या लिलावांत 700 ला गिऱ्हाईकच मिळालं नाही, म्हणून आम्ही त्यात सुखाने नांदलो. 2022 ला त्यातला काही भाग विकला गेला. यात लपवाछपवी काही नाही, राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखडा कुणालाही वाचता येतो. पण तो वाचतात मोबाइलवाले आणि विमानवाले; जत्रेतल्या ध्वनिवाल्याला सरकारची योजना कळते ती भर पदात. पुरवठादार तर 700 चे जुने संच अजून बिनदिक्कत खपवतात.

आता मला 650 चे स्वस्तात देऊ म्हणतात. 612 ते 703 हा पट्टाही 2022 ला लिलावात मांडलेला होता, बोली आली नाही एवढंच. 700 ची सुरुवात याहून वेगळी नव्हती. त्याखालचा 526 ते 612 त्या लिलावात नको, असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सांगितलं होतं. याचा अर्थ नजर तिथेही गेलेली आहे. मी 526 च्या खालचे संच मागितले. मडगावचा विक्रेता म्हणाला, "तसले कोण घेत नाही, मागवावे लागतील. पैसे आगाऊ." दिले.