शुक्रवारी तलाव ते फुटाळा: दोन सायकली, एक मेट्रो आणि मधले चौक

जानेवारीत माझी मावसबहीण गुहागरहून आठ दिवस राहायला आली होती. ताई पन्नाशीची आहे, तिकडे शाळेत शिकवते आणि आजही सायकलनेच शाळेत जाते. आल्या दिवशीच तिनं विचारलं, "तुमच्याकडे समुद्र नाही, मग फुटाळ्याला चौपाटी कशी काय म्हणता?" म्हटलं, चल, दाखवते. गाडी मात्र काढायची नाही. नागपूरच्या महाल भागातून निघायचं आणि शुक्रवारी तलाव, अंबाझरी नि फुटाळा या तीन तलावांचे काठ पायी, सायकलने आणि मधे मेट्रोने जोडायचे. दिवस मुद्दाम मंगळवारचा घेतला, कारण रविवारी सकाळी नागपूरचा कुठलाही रस्ता चांगलाच वाटतो. माझी सायकल होती, ताईला मुलाची दिली, आणि पिशवीत शिवणकामाचा टेप टाकला. तो फार उपयोगी पडला.

साडेसहाला शुक्रवारी तलावावर पोहोचलो. (पाटीवर गांधीसागर असलं तरी घरात आम्ही शुक्रवारीच म्हणतो.) काठावर फिरणारी माणसं होती, धुकं होतं, रमण विज्ञान केंद्राच्या बाजूला शांतता होती. तिथून कॉटन मार्केट मेट्रो स्टेशन जवळच आहे, पण त्या वेळी भाजीच्या गाड्या रिकाम्या होत असतात. हातगाड्या, हमाल, पोती, सगळं रस्त्यावरच. इथे सायकलवर बसू नका, हातात धरून चाला.

मेट्रोत सायकल नेता येते, हे नागपुरातही अनेकांना ठाऊक नाही. जिन्याच्या नादी न लागता थेट लिफ्ट शोधा आणि तिकीट काढताना सायकल सोबत आहे हे सांगा. गाडीत दाराजवळ ती धरूनच उभं राहावं लागतं, म्हणून ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आत निघा. मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन कॉटन मार्केटहून सीताबर्डीमार्गे सरळ पश्चिमेला जाते, त्यामुळे गाडी बदलावी लागत नाही. सुभाषनगरच्या अलीकडे खिडकीत अंबाझरीचं पाणी दिसलं तेव्हा ताई उठून उभीच राहिली.

सुभाषनगरला उतरून अंबाझरीच्या कडेनं टी-पॉइंटकडे, म्हणजे तिथल्या तिठ्याकडे, मागे आलो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हाच तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं. त्या आठवड्यात मी माझ्या मैत्रिणीच्या घरातला चिखल उपसायला गेले होते, म्हणून या काठावरून जाताना माझं मन अजूनही थोडं जड होतं. ताई म्हणाली, किनाऱ्यावर आम्ही हे दरवर्षी बघतो, पाण्याच्या वाटेत सिमेंट ओतलं की पाणी दुसऱ्याच्या अंगणातून जातं. काठावरची चालायची वाट हवीच, पण पाणी जिरू देणारी, झाडांची मुळं मोकळी ठेवणारी. आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली. नाग नदी अंबाझरीतून निघून शहराच्या पोटातून महालाच्या कडेनं पूर्वेला जाते. आम्ही जी दोन टोकं मेट्रोनं जोडली, ती नदीनं आधीच जोडलेली आहेत. तिच्या काठानं सलग पायवाट असती तर कॉटन मार्केटची लिफ्ट शोधायची गरजच पडली नसती.

टी-पॉइंटपासून लॉ कॉलेज चौकाकडे जाताना टेप बाहेर काढला. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आम्ही मोजलेल्या एका जागी फुटपाथ चांगला दोन मीटर होता, पण मधोमध विजेची डीपी, तिच्याआड पानठेला, त्यापुढे उभ्या दुचाक्या. मोकळं उरलेलं अंतर ६० सेंटिमीटर. पुढे एका ठिकाणी पायरीच २८ सेंटिमीटर भरली. एवढं चढणं-उतरणं माझ्या सासूबाईंना जमत नाही, म्हणून त्या खाली, गाड्यांच्या रस्त्यावरून चालतात. म्हाताऱ्या माणसांना शिस्त नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा टेप घेऊन बाहेर पडावं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तो उगाच नव्हे.

अमरावती रोड ओलांडायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. समोरचा सिग्नल लाल झाला तरी डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत, कारण फ्री लेफ्ट. दोन पावलं पुढे, एक मागे. ताईच्या तोंडून तिथे जे निघालं, ते मी त्या दिवसापासून जपून ठेवलं आहे. "आमच्याकडे दाभोळची खाडी रस्ता तोडते, पण धोपाव्याहून फेरीबोट आहे. माणूस, सायकल, ट्रक, सगळ्यांना पलीकडे नेते. तुमच्या चौकात चालणाऱ्याची बोट कुठंय?"

मग तिनं गुहागरचंही सांगितलं. गाव लांबच लांब, खालचा पाट आणि वरचा पाट, मधून एकच रस्ता. मुलं त्यावरूनच शाळेत जातात, म्हातारी माणसं देवळात जातात आणि पर्यटकांच्या गाड्याही त्यावरूनच धावतात. किनारा सुंदर आहे, पण सुट्ट्यांच्या दिवसांत घरून किनाऱ्यापर्यंत चालत जाणं अवघड होतं. मला ते ऐकून फुटाळाच आठवला. फक्त काठ सजवून भागत नाही. घराच्या दारापासून काठापर्यंतची वाट कुठेही तुटायला नको. चौकात मधे थांबायला जागा, जमिनीपासून थोडं उचललेलं क्रॉसिंग आणि वस्तीत ताशी ३० किलोमीटरचा वेग एवढं केलं तरी वाट जुळते. त्यासाठी उड्डाणपूल लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते. अमरावती रोडचा चौक सायकलवर बसून ओलांडू नका. उतरा, चालणाऱ्यांच्या घोळक्यात मिसळा आणि डावीकडे वळणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत बघून मगच पाऊल टाका. भरतनगरच्या बाजूनं फुटाळ्याकडे वळलं की झाडं लागतात आणि जीव शांत होतो. अंबाझरीहून इथवर तीनेक किलोमीटर, आम्हाला मोजत-थांबत दीड तास लागला.

फुटाळ्यावर दहाच्या सुमारास पोहोचलो. पाणी चकाकत होतं, काठावर मोजकी माणसं. ताई बराच वेळ काठावर बसली आणि म्हणाली, "हो, चौपाटीच आहे ही." संध्याकाळी याच जागी गाड्यांची एवढी गर्दी होते की लेकरांना सोडायची भीती वाटते, तेव्हा मुलांना आणायचं तर सकाळीच आणा. पुढे दम असेल तर तेलंगखेडीच्या हनुमान मंदिरावरून सेमिनरी हिल्सचा चढ घ्या, सावली भरपूर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ, मार्चनंतर दहा वाजता डांबर तापतं आणि सिमेंट रस्त्यावर तर डोळे दिपतात.

पाणी दोन बाटल्या, पंक्चरचं सामान, मागचा लाल दिवा दिवसाही लावलेला. नाश्ता निघताना करू नका, वाटेत कुठल्याही ठेल्यावर तर्री पोहे मिळतात. आणि शिवणाचा टेप न्या. आमची मापं एका वहीत लिहून ठेवली आहेत, जागेच्या खुणेसकट. वॉर्डाच्या पुढच्या बैठकीत ती वाचून दाखवायची आहेत, आणि सासूबाईंनी सोबत यायचं कबूल केलं आहे.